फॉन नॉयमन आणि यंत्राची स्मृती

१९३९ मध्ये वाशीम येथे एक ताम्रपट उजेडात आला आणि विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचे एक पान नव्याने लिहावे लागले. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म येथून, म्हणजे आजच्या वाशीमहून, दिलेले ते दानपत्र होते. त्याचा काही भाग संस्कृतात आहे, काही प्राकृतात. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा येथे नांदत होती हे या ताम्रपटामुळे निर्विवाद ठरले. तोवरच्या दीड हजारांहून अधिक वर्षांत ही माहिती नष्ट झालेली नव्हती. ती तांब्यावर कोरलेली होती. फक्त ती कोठे आहे हे कोणास ठाऊक नव्हते. साठवणे आणि सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा या घटनेचा साधा अर्थ आहे.

आज वाशीम जिल्ह्याची स्मृती तांब्यावर नाही आणि ती झपाट्याने कागदावरूनही उतरत आहे. जमिनीचे उतारे, शाळांचे दाखले, पीकविम्याच्या याद्या, रुग्णालयांच्या नोंदी हे सारे संगणकाच्या उदरात जमा होत आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. तालुका, गाव आणि गट क्रमांक सांगितला की रिसोडच्या शेतकऱ्याला आपला उतारा क्षणार्धात मिळतो, कारण गट क्रमांक हा त्या नोंदीचा पत्ता आहे. परंतु पत्ता ठाऊक नसेल, केवळ आतला मजकूर ठाऊक असेल, तर यंत्राला एकेक घर उघडून पाहावे लागते. प्रत्येक संगणकाच्या पोटात अहोरात्र चालणारे हे काम आहे. स्मृतीची ही मांडणी रूढ करण्यात ज्या गणितज्ञाचा वाटा सर्वांत मोठा, तो स्वतः मात्र अशा स्मरणशक्तीचा धनी होता की तिच्या कथा आजही सांगितल्या जातात. जॉन फॉन नॉयमन हे त्याचे नाव. १९५७ मध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी तो निवर्तला. त्याच्या आयुष्याची उजळणी येथे करण्याचे कारण केवळ कौतुकाचे नाही. आपल्या जिल्ह्याची आणि आपल्या भाषेची स्मृती ज्या यंत्राच्या हवाली आपण करीत आहोत, त्याचा स्वभाव त्या आयुष्यातून उत्तम समजतो.

बुडापेस्टचा मुलगा

फॉन नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्ट येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील बँकेच्या व्यवसायात होते आणि १९१३ मध्ये सम्राटाकडून त्यांना सरदारकीचा किताब मिळाला. घरात मोठा ग्रंथसंग्रह होता. त्यातील ऑन्केनची बहुखंडी जागतिक इतिहासमाला या मुलाने वाचून काढली आणि तिच्यातील तपशील त्याच्या कायमचे लक्षात राहिले. घरी पाहुणे आले की टेलिफोनच्या यादीतील एखादे पान त्याच्यापुढे ठेवावे, त्याने ते एकवार वाचावे आणि नावे, पत्ते, क्रमांक घडाघड सांगावेत, असा खेळ चाले अशी घरची आठवण सांगितली जाते. पुढे त्यांचे सहकारी हर्मन गोल्डस्टाइन यांनी एकदा त्यांची परीक्षाच घेतली. डिकन्सची एक सुप्रसिद्ध कादंबरी कशी सुरू होते, एवढेच त्यांनी विचारले. फॉन नॉयमन यांनी पहिले प्रकरण जे म्हणावयास आरंभ केला, ते दहा-पंधरा मिनिटांनी त्यांना थांबवावे लागले. ती कादंबरी त्यांनी अनेक वर्षांपूर्वी वाचलेली होती.

आपल्याकडे वेदपाठी घनपाठ्यांची परंपरा असल्याने अशा गोष्टींचे आपणांस अप्रूप कमी वाटावे. परंतु ही स्मरणशक्ती केवळ पाठांतराची नव्हती. ती विचाराला लागेल तेव्हा, लागेल तेथे हजर होत असे. १९२६ मध्ये झ्यूरिकच्या तंत्रविद्यापीठाची रसायन अभियांत्रिकीची पदविका आणि बुडापेस्ट विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट अशा दोन्ही पदव्या त्यांनी मिळविल्या. त्यानंतर ते गटिंगेन येथे हिल्बर्टच्या सान्निध्यात राहिले. संचसिद्धांत, पुंज यामिकीचा गणिती पाया, खेळांचा सिद्धांत या सर्व क्षेत्रांत त्यांनी तिशी ओलांडण्याच्या आत नाव कमावले. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले, १९३३ मध्ये तेथील इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी या नव्या संस्थेच्या पहिल्या प्राध्यापकांपैकी एक झाले आणि १९३७ मध्ये अमेरिकेचे नागरिक बनले. तोवर जर्मनीत हिटलरचा अंमल सुरू झाला होता आणि युरोपातील विद्येची माहेरघरे ओस पडू लागली होती.

माणसाच्या स्मृतीची एक गंमत मात्र येथेच नोंदविली पाहिजे. एकदा फॉन नॉयमन मोटारीने न्यूयॉर्कला निघाले आणि वाटेतील गावाहून त्यांनी पत्नीला फोन करून विचारले की आपण न्यूयॉर्कला कशासाठी चाललो आहोत. ज्याच्या डोक्यात इतिहासाचे खंडच्या खंड साठविलेले होते, त्याला त्या सकाळचे काम सापडेना. साठवण अफाट असली तरी वाट चुकू शकते, हे या किश्श्याहून सुबोधपणे कोणी सांगितले नसेल.

युद्ध आणि गणित

दुसऱ्या महायुद्धाने फॉन नॉयमन यांच्या आयुष्याला निराळेच वळण दिले. लॉस ॲलॅमॉस येथे अणुबाँबची सिद्धता चालू असता ते तेथील सल्लागार झाले. प्लुटोनियमचा गाभा भोवतालच्या स्फोटकांनी सर्व बाजूंनी एकाच क्षणी आत दाबला गेला पाहिजे, आणि त्यासाठी स्फोटकांची रचना कशी असावी, या प्रश्नाच्या गणितात त्यांचा मोठा वाटा होता. नागासाकीवर पडलेला बाँब याच रचनेचा होता. जपानमधील लक्ष्ये सुचविणाऱ्या समितीतही ते बसले होते. युद्धानंतर रशियाविरुद्ध कठोर पवित्रा घ्यावा असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी लपविले नाही. या माणसाचे थोरपण सांगताना त्याच्या आयुष्याची ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. संगणकाचा जन्मच मुळी तोफांच्या तक्त्यांच्या आणि बाँबच्या आकडेमोडीच्या निकडीतून झाला आहे.

१९४४ च्या उन्हाळ्यात ॲबर्डीन येथील रेल्वेच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असता गोल्डस्टाइन यांची आणि त्यांची गाठ पडली. फिलाडेल्फिया येथे एनियाक नावाचे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र तयार होत असल्याचे गोल्डस्टाइन यांच्या बोलण्यात आले आणि फॉन नॉयमन यांचे सारे लक्ष तिकडे वेधले. जवळजवळ १८,००० निर्वात नलिकांचे ते धूड वेगात अद्वितीय होते. स्मृती मात्र जवळजवळ नव्हतीच. दहा अंकी २० संख्या, एवढीच त्याची चपळ साठवण. नवे गणित घालायचे तर तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत आणि त्यात कित्येक दिवस जात. क्षणात हिशेब करणाऱ्या यंत्राने काय करावयाचे ते सांगण्यास मात्र आठवडा लागावा, ही विसंगती सर्वांनाच टोचत होती.

३० जून १९४५ या तारखेच्या १०१ पानी अहवालात फॉन नॉयमन यांनी तिचा उलगडा मांडला. नियोजित एडव्हॅक यंत्राविषयीचा तो मसुदा होता. त्याचे सार असे की आकडे ज्या स्मृतीत ठेवायचे त्याच स्मृतीत आज्ञाही आकड्यांच्या रूपात ठेवाव्यात. स्मृतीच्या प्रत्येक घराला क्रमांक असावा आणि यंत्राने त्या क्रमांकाने घर गाठावे. या एका कल्पनेवर आजचे खिशातले फोनसुद्धा चालतात. अहवालावर मात्र एकट्या फॉन नॉयमन यांचे नाव होते. एनियाकचे कर्ते एकर्ट आणि मॉक्ली या मंडळींत त्या कल्पनेची चर्चा आधीपासून चालू होती. त्यांना आपल्यावर अन्याय झाला असे वाटले आणि त्यांचे वाटणे निराधार म्हणता येणार नाही. तथापि या अहवालाच्या प्रती सर्वत्र वाटल्या गेल्या आणि यंत्राची रचना कोणा एकाची मालमत्ता न राहता जगाची झाली. श्रेयाच्या वाटपात अन्याय झाला असेल. ज्ञानाच्या वाटपात मात्र जगाचा लाभच झाला.

शोधाची पहिली आज्ञावली

या यंत्रासाठी फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये स्वहस्ते एक आज्ञावली लिहिली. ती बाँबची नव्हती की तोफेची नव्हती. स्मृतीत पडलेल्या संख्या चढत्या क्रमाने कशा लावाव्यात, याची ती आज्ञावली होती. डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाने १९७० मध्ये तिचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले, तेव्हा तिचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात आले. गणिताचे यंत्र केवळ गुणाकार-भागाकारापुरतेच आहे, की कारकुनाप्रमाणे कागद लावणे, निवडणे, शोधणे हेही त्याला जमेल, हे फॉन नॉयमन यांना पडताळून पाहायचे होते. जमेल, असा निष्कर्ष निघाला. संगणक हे सर्वकामी यंत्र आहे ही जाणीव या लहानशा वहीत उमटलेली आहे.

क्रम लावण्याचा आणि शोधाचा संबंध उघड आहे. हजार संख्या अस्ताव्यस्त असतील तर हवी ती संख्या शोधताना, दुर्दैवाने, हजारही घरे उघडावी लागतील. त्याच चढत्या क्रमाने लावलेल्या असतील तर मधले घर पाहून अर्धा भाग सोडून द्यावा, उरलेल्याचा पुन्हा मध्य पाहावा, असे करीत दहा प्रश्नांत काम होते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण दुसरे काय करतो? क्रम लावण्याचे कष्ट आधी एकदा घेतले की शोधाचे कष्ट कायमचे वाचतात.

प्रिन्स्टनला परतल्यावर त्यांनी स्वतःच्या संस्थेत यंत्र बांधण्यास घेतले. १० जून १९५२ रोजी त्याचे रीतसर उद्घाटन झाले. त्याच्या स्मृतीत ४० नलिका होत्या आणि प्रत्येक नलिकेच्या पडद्यावर १,०२४ विद्युत ठिपके, म्हणजे एकूण ४०,९६० बिट. आजच्या हिशेबाने ५,१२० बाइट. देवनागरीतील या लेखाचे दोन-तीन परिच्छेदसुद्धा त्यात मावले नसते. मात्र आठ बिटांच्या गटाला बाइट हे नाव तेव्हा नव्हते. बाइट हा शब्द १९५६ मध्ये आयबीएम कंपनीत जन्मला. प्रिन्स्टनच्या यंत्राचे एक घर ४० बिटांचे होते आणि त्यात एक संख्या किंवा दोन आज्ञा राहत.

अशा यंत्रात एखादी संख्या शोधायची कशी? आज्ञेतच घराचा क्रमांक लिहिलेला असे. शंभराव्या घरातील संख्या आण, अशी ती आज्ञा. आणलेल्या संख्येतून हवी असलेली संख्या वजा करायची. उत्तर ऋण आहे की नाही, एवढाच प्रश्न यंत्राला विचारता येई. म्हणून दोन संख्या सारख्या आहेत याची खात्री करण्यासाठी वजाबाकी उलटसुलट अशी दोनदा तपासावी लागे. संख्या जुळली नाही तर पुढच्या घराकडे जायचे. पण आज्ञा तर अजून शंभरावेच घर सांगते. तेव्हा आज्ञावलीने स्वतःचीच आज्ञा उचलायची, तिच्यातील क्रमांकात एक मिळवायचा आणि बदललेली आज्ञा परत तिच्या जागी ठेवायची. आज्ञा हीसुद्धा संख्याच असल्याने हे शक्य होते. स्वतःला पुसून पुन्हा लिहिणारी ही आज्ञा म्हणजे फॉन नॉयमन यांच्या कल्पनेचे मर्मच होय. पुढे मँचेस्टरच्या यंत्रात घराचा क्रमांक मोजण्यासाठी निराळा कप्पा आला आणि आज्ञेला स्वतःत बदल करण्याची गरज उरली नाही.

प्रत्येक यंत्राची बोली निराळी

या यंत्राची रचना गुप्त ठेवण्यात आली नाही. तिच्यावरून जगात ठिकठिकाणी यंत्रे उभी राहिली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांच्या पाठिंब्याने आणि रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका तुकडीने १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र आणि १९६० मध्ये पूर्ण संगणक सिद्ध केला. त्याच्या घरातही ४० बिट होते, स्मृती मात्र फेराइटच्या कड्यांची. १९६२ मध्ये त्याचे टिफ्रॅक असे नामकरण पंडित नेहरूंनी केले. महाराष्ट्राच्या भूमीवर यंत्राच्या अंतरंगातील भाषेत लिहिणारी पहिली पिढी येथे घडली. त्या पिढीला यंत्र विकत आणून चालविणे ठाऊक नव्हते. तिला ते आतून ठाऊक होते.

पुढे यंत्रे लहान झाली, त्यांचा मेंदू एका चकतीत मावू लागला आणि प्रत्येक प्रोसेसरची बोली वेगळी झाली. १९७६ च्या झेड-८० मध्ये आणि १९७८ च्या इंटेल ८०८६ मध्ये स्मृतीतील बाइट शोधण्यासाठी खास आज्ञाच दिलेली आहे. ८०८६ मध्ये हवा असलेला बाइट एका ठरावीक कप्प्यात ठेवायचा, किती घरे पाहायची तो आकडा दुसऱ्या कप्प्यात, आरंभाचा पत्ता तिसऱ्यात. मग आज्ञा एकच. यंत्र स्वतः एकेक घर पाहत पुढे सरकते आणि जुळताच थांबते. गंमत अशी की ते थांबते तेव्हा पत्ता सापडलेल्या घराचा नसतो, एक घर पुढचा असतो. तेव्हा एक वजा करायचे भान लिहिणाऱ्याला ठेवावे लागते. घरे संपल्यामुळे थांबले की सापडल्यामुळे थांबले, हेही निराळे विचारावे लागते. १९८४ च्या केंद्र सरकारच्या क्लास योजनेतून शाळांना जी बीबीसी मायक्रो यंत्रे मिळाली, त्यांच्या ६५०२ या प्रोसेसरमध्ये अशी आज्ञाच नव्हती. तेथे तुलना करा, क्रमांक वाढवा, परत फिरा, असे चक्र हाताने लिहावे लागे आणि मोजणीचा कप्पा २५६ घरांतच भरत असल्याने त्यापुढे पत्त्याचा वरचा भाग बदलावा लागे. २००० च्या सुमारास आलेल्या प्रोसेसरांत १६ बाइट एकाच फटक्यात ताडून पाहण्याची सोय झाली. काम एकच, परंतु ज्याला ज्या यंत्राची बोली अवगत, त्यालाच ते त्या यंत्राकडून वेगाने करवून घेता येते.

या बोलीला अक्षरांचे सोपे रूप देणारी असेंब्ली भाषा फॉन नॉयमन यांना फारशी रुचली नव्हती असे सांगितले जाते. एक विद्यार्थी आकड्यांतील आज्ञा यंत्राकडूनच तयार करवून घेण्याच्या खटपटीत होता. एवढे मोलाचे यंत्र कारकुनी कामाला जुंपल्याबद्दल ते त्याच्यावर रागावले. ज्याला आकडे अक्षरांइतकेच सहज वाचता येतात, त्याला इतरांची अडचण कळणे अवघड जाते. येथे काळाने त्यांना चुकीचे ठरविले. त्यांच्याच संस्थेत १९४७ मध्ये आलेल्या कॅथलीन बूथ यांनी असेंब्ली भाषेचा पाया घातला. आणि त्यांच्या घरात क्लारा फॉन नॉयमन यांनी, गणिताचे उच्च शिक्षण नसताना, यंत्रासाठी आज्ञा लिहिण्याची विद्या आत्मसात करून एनियाकवरील मोठमोठ्या गणितांच्या आज्ञावल्या सिद्ध केल्या. ही विद्या अलौकिक बुद्धीच्या माणसांचीच मक्तेदारी नाही, हे या दोघींनी दाखवून दिले.

अखेरचे दिवस

१९५५ मध्ये फॉन नॉयमन अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी त्यांना कर्करोग असल्याचे निदान झाले. येल विद्यापीठात द्यावयाच्या व्याख्यानांसाठी ते संगणक आणि मेंदू यांची तुलना लिहीत होते. ते लेखन अपुरेच राहिले आणि मृत्यूनंतर १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. मानवी मेंदूच्या साठवणीचा अंदाज त्यांनी त्यात २.८ गुणिले १० चा विसावा घात इतक्या बिटांचा केला आहे. अंदाज मोठा की लहान, हा प्रश्न गौण आहे. स्वतःच्या यंत्राचे ४०,९६० बिट आणि हा आकडा यांतील अंतर त्यांनी जाणले होते, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट होय.

रुग्णालयात त्यांच्या खोलीवर लष्कराचा पहारा होता, कारण वेदनेच्या भरात त्यांच्या तोंडून राष्ट्राची गुपिते निसटतील अशी भीती होती. कन्या मरीना हिला ते साध्या बेरजा विचारण्यास सांगत. सात आणि चार किती, असल्या. उत्तरे अडखळू लागली तेव्हा तिला तेथे बसवेना. त्याच दिवसांत बंधू गटेचे फाउस्ट मूळ जर्मनमधून वाचून दाखवीत आणि पान उलटण्यास थांबले की पुढच्या ओळी रुग्ण स्वतः म्हणे, असे सांगतात. साधी बेरीज गेली आणि काव्य राहिले. यंत्राच्या स्मृतीत असे कधी होत नाही. तेथे वीज असेतो सारे राहते आणि वीज गेली की सारे एकदम जाते. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी फॉन नॉयमन यांचे निधन झाले.

वाशीमची पंधरा घरे

आता आपल्या अंगणाकडे वळू. वाशीम हे नाव आज यंत्रात युनिकोड पद्धतीने लिहिले की त्याची पाच चिन्हे होतात आणि नेहमीच्या साठवणीत प्रत्येक चिन्हाला तीन, असे पंधरा बाइट लागतात. क या अक्षराचे बाइट २२४, १६४ आणि १४९. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ हाच असल्याने मराठी मजकुरात केवळ तो बाइट शोधणे म्हणजे गर्दीत टोपीवाला शोधण्यासारखे आहे. सर्वांच्याच डोक्यावर टोपी आहे. आणखी एक अडचण आहे. आपल्या जिल्ह्याचे नाव कोणी दीर्घ वेलांटीने लिहितो, कोणी ऱ्हस्व. ऱ्हस्व वेलांटीचे बाइट २२४, १६४, १९१ आणि दीर्घ वेलांटीचे २२४, १६५, १२८. माणूस दोन्ही एकच समजतो. यंत्र दोन बाइटांचा फरक पाहते आणि नोंद नाही असे निर्विकारपणे सांगते. नोंद असते, शोधणाऱ्याची वेलांटी निराळी असते, एवढेच. शेतकऱ्याच्या नावात असा फरक पडला की त्याचे अनुदान अडते, आणि तो जेव्हा खेपा घालतो तेव्हा दोष त्याच्याच माथी येतो.

याहून मोठी हानी जुन्या मजकुराची आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत मराठी छपाई संगणकावर आली ती बहुतांशी खासगी फाँटांच्या बळावर. प्रत्येक फाँटची सांकेतिक मांडणी निराळी. पडद्यावर मराठी दिसे, पण स्मृतीत इंग्रजी अक्षरांच्या जागी कोंबलेल्या खुणा असत. भारतीय लिप्यांसाठी प्रमाण संकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु छापखान्यांची आणि कचेऱ्यांची सवय सुटण्यास पुढे पुष्कळ वर्षे गेली. परिणामी त्या काळातील वृत्तपत्रे, स्मरणिका, अहवाल यांच्या फायली जेथे शिल्लक आहेत तेथेही त्या शोधाला दाद देत नाहीत. फाँट हरवला की मजकूर मुका होतो. १९३९ पूर्वीच्या ताम्रपटासारखी त्याची अवस्था आहे: अक्षर शाबूत, पत्ता नाही. एडव्हॅकचा अहवाल वाटला गेला म्हणून संगणक जगाचा झाला. आपल्या लिपीची किल्ली मात्र आपण दीर्घकाळ दुकानांत ठेवली.

हे निस्तरणे अशक्य नाही, आणि त्याचा धडा याच जिल्ह्यात पूर्वी गिरविला गेला आहे. कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांत शतकानुशतके पोथ्या जतन झाल्या होत्या. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली आणि या पोथ्यांना विद्वानांच्या जगात पत्ता मिळाला. त्यानंतर काही वर्षांतच पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये प्रा. प. ल. वैद्य आणि प्रा. हिरालाल जैन यांनी संपादित केली व ती कारंजाहून प्रकाशित झाली. पोथ्या जुन्याच होत्या. सूची नवी होती. सूची करणारे लोक बाइट जाणत नव्हते, परंतु फॉन नॉयमन यांनी १९४५ च्या वहीत जे सिद्ध केले ते त्यांना ठाऊक होते. आधी क्रम लावावा, मग शोधावे.

२०१८ मध्ये वाशीमची गणना केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत झाली. जिल्ह्याच्या आकांक्षा रस्ते, पाणी, आरोग्य यांच्या असणार आणि असाव्यातच. पण संगणक विकत आणणे आणि त्यावर तयार आज्ञावल्या चालविणे म्हणजे संगणकविद्या नव्हे, हे आपल्या शिक्षणसंस्थांनी ध्यानात घेतले पाहिजे. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत विद्यार्थ्याने एकदा तरी यंत्राच्या बोलीत स्मृतीतील एक बाइट स्वतः शोधून पाहावा. त्यातून तो लगेच मिळवता होणार नाही, हे खरे. मात्र नोंद नाही असे यंत्राने सांगितले की ती खरोखरच नाही की आपण चुकीच्या संकेताने विचारले, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहील. अशा दहा विद्यार्थ्यांच्या हाती जुन्या फाँटांतील जिल्ह्याच्या फायली दिल्या, त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करविले आणि वाशिम-वाशीम अशा नावांच्या जोड्यांची सूची तयार करविली, तर त्यासाठी खर्च फारसा लागणार नाही; लागेल ती चिकाटी. विचारले की उत्तर देणारी नवी बोलकी यंत्रे आता घरोघर आली आहेत, म्हणून हे काम कोणी अनावश्यक समजू नये. मुक्या फायली त्यांनाही मुक्याच आहेत.

फॉन नॉयमन यांच्यासारखी स्मृती लाखात एखाद्याला लाभते आणि तीही त्याच्याबरोबर जाते. यंत्राची स्मृती सर्वांना लाभू शकते, पण तिला स्वतःहून काही आठवत नाही. विचारणाऱ्याला घरांची मांडणी ठाऊक असावी लागते. वत्सगुल्मचा राजा आपले दान तांब्यावर कोरून निश्चिंत झाला होता. त्याला पुन्हा वाचले जाण्यासाठी १९३९ पर्यंत वाट पाहावी लागली. आपल्या नोंदींच्या वाट्याला तेवढी प्रतीक्षा येऊ नये, एवढे तरी आपण करू शकतो.